जोडीची पूजा आणि सातबारा
(जीर्णोद्धार सोहळ्यातील भाषण)

 

देवळातील पूजेला यजमान एकटा बसत नाही. पत्नीचा हात त्याच्या हाताला लागतो, तेव्हा संकल्प पुरा होतो. प्रभू रामचंद्रांनाही अश्वमेधाच्या वेळी सुवर्णाची सीता शेजारी बसवावी लागली. पंचवटी ज्यांच्या जिल्ह्यात आहे, त्यांना ही कथा सांगावयास नको. वणीच्या गडावर अठरा भुजांची सप्तशृंगी, चांदवडला रेणुका. सून माप ओलांडून घरात आली की आपण लक्ष्मी आली म्हणतो.

पण या लक्ष्मीचे नाव सातबाऱ्यावर केव्हा चढते? बहुतेक घरी नवरा वारल्यावर, वारस म्हणून. माहेरी आलेल्या बहिणीला साडीचोळी होते आणि हक्कसोडपत्रावर तिची सहीही होते. कधी कधी एकाच दिवशी! कायद्याने १९९४ साली महाराष्ट्रात व २००५ साली देशभर मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला, तरीही.

जीर्णोद्धार म्हटला की पुण्यश्लोक अहिल्याबाईंचे नाव निघतेच. त्यांनी १७८० मध्ये काशीविश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभारले. त्यांची भक्ती थोर होतीच. पण पैसा कोठला, हे फारसे कोणी विचारीत नाही. पेशव्यांनी १७३४ साली त्यांच्या सासूबाई गौतमाबाईंच्या नावे खासगीची जहागीर दिली होती. ती पुढे अहिल्याबाईंकडे आली, आणि देवळे, घाट, धर्मशाळा त्या खासगीतून झाल्या. म्हणजे बाईच्या नावावर उत्पन्न होते, म्हणून तिच्या हातून एवढे धर्मकार्य घडले.

नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले. लाखांनी बाया आल्या. पुढे शरद जोशी यांनी ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली: घरच्या लक्ष्मीचे ऋण फेडा, थोडी जमीन तिच्या नावे करा. ज्या गावात शंभर घरे असे करतील, तेथे ते स्वतः जात. जळगाव जिल्ह्यातील विटनेरच्या शेतकऱ्यांनी ते करून दाखविले.

१९९२ साली शासनाने याच नावाने परिपत्रक काढले. त्याप्रमाणे पतीने स्वखुशीने अर्ज द्यावयाचा, की पत्नीचे नाव सहधारक म्हणून लागावे. अर्ज तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) जातो, फेरफार धरला जातो, मंडल अधिकारी तो प्रमाणित करतात आणि सातबाऱ्यावर दोघांची नावे येतात. कोर्टकचेरी नाही. आज पूजेला जी जोडपी बसली, त्यांनी घरी गेल्यावर आपला उतारा एकदा काढून पाहावा.