यंत्राचे पाय

अकोल्याहून वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्यावर मेडशी हें गांव लागतें. तेथील काय किंवा अन्यत्रचा काय, शेतकऱ्याच्या वांट्याला वीज रात्रीं आली म्हणजे विजेरी घेऊन विहीर गांठणें त्याला चुकत नाहीं. वाटेंत साप-विंचवाचें भय असतेंच. हा हेलपाटा वाचावा म्हणून पुण्याचे श्री. संतोष ओस्तवाल यांनीं 'नॅनो गणेश' हें साधन सिद्ध केलें. मोबाइलवरून पंप चालूबंद करणाऱ्या या साधनास २००९ सालीं नोकिया कंपनीच्या स्पर्धेंत पारितोषिक लाभलें.

लिहिलेल्या आज्ञेनें लोखंडी पंप हलतो तरी कसा? नमुन्यादाखल अ‍ॅटमेगा-३२८ हा सूक्ष्मनियंत्रक घ्यावा. त्याला २८ पाय असून त्यांपैकीं २३ आज्ञेंत वागतात. अशा प्रत्येक पायाचीं स्मृतींत घरें असतात. पहिल्या घरांत एक लिहिला कीं पाय आज्ञा बाहेर नेतो. शून्य लिहिलें कीं बाहेरची वार्ता आंत आणतो. बाहेर नेणाऱ्या पायाच्या दुसऱ्या घरांत एक लिहितांच त्यावर पांच व्होल्टचा दाब उभा राहतो, शून्य लिहितांच मावळतो. घरें आठ-आठांच्या ओळींत असतात. एक बदलतांना शेजारचीं सात न बिघडवण्याचें पथ्य पाळावें लागतें.

पायाचें बळ मात्र थोडें. ४० मिलिअँपिअर ही त्याची परम मर्यादा. तेवढ्यानें पंप हलणें नाहीं. म्हणून पाय ट्रान्झिस्टरला सांगतो, ट्रान्झिस्टर रिलेला आणि रिले स्टार्टरला. पाटलाचा निरोप कोतवालानें पोंचवावा, तसेंच हें.

खरा धोका निराळाच आहे. गेलेली वीज परत येते, तेव्हां नियंत्रक नव्यानें जागा होतो. त्या क्षणीं त्याचे हे सारे पाय अधांतरीं असतात. ना एक, ना शून्य. हें मौन ट्रान्झिस्टरनें होकार मानलें, तर पंप आपोआप सुरू होईल. आणि नेमका त्याच वेळीं कोणाचा हात फिरत्या दांड्यापाशीं असेल! यास्तव ट्रान्झिस्टरच्या प्रवेशद्वारीं एक रोधक शून्य दाबाच्या तारेशीं जोडतात. आज्ञा नसेल तेथें अर्थ एकच: बंद. आज्ञावलींतहि आधीं दुसऱ्या घरांत शून्य, मग पाय बाहेरचा, मग विहिरींत पाणी असल्याची खात्री, आणि शेवटीं पंप, हाच क्रम राखावा.

इतकें करूनहि दुरुस्तीस बसणाऱ्यानें मुख्य खटका स्वतःच्या हातानें पाडावा. लिहिलेलें शून्य पुढें पुसलें जाऊं शकतें. पाडलेला खटका कोणी उचलल्यावांचून उठत नाहीं.