विजेचा घट कां तापतो?

फोन चार्जिंगला लावून कोणी त्यावर बोलत बसला, कीं थोड्याच वेळांत तो कानाला ऊन लागूं लागतो. मग घरांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "हा आतां पेटणार!" दुसरा म्हणतो, "छे, तापणें हा त्याचा धर्मच आहे." खरें-खोटें ठरविण्यास घटाच्या पोटांत डोकावलें पाहिजे.

लिथियम-आयन घट बाजारांत आला तो १९९१ सालीं. त्याच्या एका ध्रुवावर बहुधा ग्राफाइट असतें, दुसऱ्यावर कोबाल्टसारख्या धातूचें संयुग. मध्यें एक सच्छिद्र पापुद्रा असून सर्वत्र विद्युद्वाहक द्रव भिनलेला असतो. घट भरतांना लिथियमचे विद्युत्भारित कण ग्राफाइटांत शिरतात. तो रिता होतांना ते परततात. जुन्या वाड्याच्या दिंडी दरवाजांतून लग्नाची मंडळी सावकाश आली तर कोणास कांहींच वाटत नाहीं. एकदम लोटली तर घुसमट होते. कणांच्या वाटेंतहि असाच रोध असतो, आणि त्यावर मात करतांना खर्चलेली शक्ति उष्णता होऊन बाहेर पडते.

इंग्रज शास्त्रज्ञ जूल यानें १८४१ सालीं प्रसिद्ध केलेला नियम येथें लागू पडतो. प्रवाह दुप्पट केला, कीं दर सेकंदाची उष्णता चौपट होते. घट निम्म्या वेळांत भरतो खरा. पण एकूण उष्णता दुप्पट होते, आणि ती निघून जाण्यास अवधि मात्र निम्माच मिळतो! घाईची किंमत ती हीच.

याखेरीज कणांची मांडणी बदलतांना कांहीं उष्णतेची देवघेव होते. एका दिशेस जी बाहेर पडते, तीच उलट दिशेस शोषली जाते. म्हणून भरतांनाचा आणि रिता होतांनाचा ताप अगदी सारखा नसतो.

उष्णता जितकी उपजते तितकी निघून गेली, तर भय नाहीं. ती सांचत गेली, म्हणजे मात्र आंतील रासायनिक क्रिया स्वतःच उष्णता देऊं लागतात, आणि त्या उष्णतेनें क्रियांचा वेग आणखी वाढतो. सुमारें १३० अंश सेल्सिअसला पॉलिएथिलीनचा पापुद्रा वितळतो. मग दोन्ही ध्रुव एकमेकांस भिडतात. ७ जानेवारी २०१३ रोजीं बोस्टनच्या विमानतळावर उभ्या असलेल्या बोइंग ७८७ विमानाची बॅटरी पेटली. तिच्यांत आठ घट होते. एका घटांतील अंतर्गत बिघाडाचा ताप शेजारच्या घटांना लागत गेला, असें चौकशींत दिसून आलें.

तेव्हां दोन्ही पक्षांचें म्हणणें थोडथोडें खरें आहे. हातास सोसेल इतकी ऊब हा घटाचा धर्म होय. परंतु फुगलेला, वास येणारा किंवा हात लावूं न देणारा घट वापरणें तत्काळ थांबवावें. चार्जिंगला लावलेला फोन उशीखालीं वा गादीवर ठेवूं नये. कापूस उष्णतेची वाट अडवितो. रात्र हाताशीं असेल, तर जलद चार्जर बाजूस ठेवून साधाच वापरणें बरें.