गावाची शीव आणि जिल्ह्याचे सभागृह

2017 च्या फेब्रुवारीत गडचिरोली जिल्हा परिषदेची निवडणूक झाली. त्या निवडणुकीत एटापल्ली-भामरागडच्या जंगलपट्ट्यातल्या ग्रामसभांनी आपले उमेदवार उभे केले. माडिया समाजातले वकील लालसू नोगोटी निवडून आले, सुरजागड इलाख्यातले सैनू गोटाही आले. सभागृह 51 जणांचे. युरोपात असा गट असता तर त्याला हरित पक्ष म्हटले असते. इथे पक्ष नव्हता, होत्या फक्त ग्रामसभा. त्यांचे म्हणणे मात्र पक्के होते: आम्हाला विचारल्याशिवाय लोहखनिजासाठी सुरजागडचा डोंगर खोदू नका.

जंगलाचा माणूस सभागृहात पाठवणे या भागाला नवे नाही. 1962 साली लालश्याम शाह महाराज जुन्या चांदा मतदारसंघातून अपक्ष म्हणून लोकसभेत गेले आणि मुदत संपण्याआधीच राजीनामा देऊन परतले. पुढे 1984 मध्ये इंचमपल्ली आणि भोपालपट्टणमच्या धरणांविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभे राहिले, तेव्हा बाबा आमट्यांबरोबर तेही होते. ती धरणे झाली नाहीत.

मग 51 जणांत दोघे काय करू शकतात? जगभर छोट्या हरित पक्षांपुढे हाच पेच येतो. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया राज्यात 1989 साली 35 जणांच्या सभागृहात पाच हरित सदस्य निवडून आले. मजूर पक्षाचे सरकार त्यांच्या पाठिंब्यावर आले. लेखी करार झाला, संरक्षित जंगलाचे क्षेत्र वाढले. पण पुढच्याच वर्षी लाकूडतोडीच्या प्रश्नावर करार मोडला. तिथे त्यांची सगळी ताकद सभागृहातल्या आकड्यावर उभी होती. आकड्याचा उपयोग संपला, की बोलण्याचे वजनही गेले.

आपल्याकडे गोष्ट उलटी आहे. इथे अधिकार आधी गावात येतो. अनुसूचित क्षेत्रांसाठीचा 1996 चा पेसा कायदा आणि 2006 चा वनहक्क कायदा ग्रामसभेला जंगल राखण्याचा हक्क देतात. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण बांबू विकायचा तर वाहतूक परवाना वनखात्याकडे. तो ग्रामसभेच्या हाती यायला 27 एप्रिल 2011 उजाडला. केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण त्यासाठी गावात आले. ओडिशात नियमगिरी डोंगरातल्या खाणीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवला आणि बाराही ग्रामसभांनी खाणीला नकार दिला. या गावांना त्यासाठी एकही आमदार निवडून आणावा लागला नाही.

मग ग्रामसभांनी जिल्हा परिषदेत जायचेच कशाला? याचे उत्तर चामोर्शी तालुक्यात राहणाऱ्याला लवकर कळते. ग्रामसभेचा हुकूम गावाच्या शिवेपर्यंत चालतो. लोहखनिजाचा ट्रक मात्र सुरजागडहून निघतो, आलापल्ली-आष्टी रस्त्याने गावामागून गाव ओलांडत येतो. खनिजावर चालणारा कोनसरीचा कारखाना आपल्याच तालुक्यात आहे. खाणीकडच्या गावांना पेसा आहे; आपल्या तालुक्याचा काही भागच अनुसूचित क्षेत्रात मोडतो. डोंगर एका गावाचा, धूळ दुसऱ्याच्या धानावर, आणि रस्ता सगळ्यांचा. हे सगळे एका टेबलावर आणायला कोणा एका गावाची ग्रामसभा पुरत नाही. तिथे जिल्ह्याच्या सभागृहात बोलणारा माणूस लागतो.

त्या माणसाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. खाणपट्टा जिल्हा परिषद देत नाही. सुरजागडची लीज 2007 ची, म्हणजे त्या निवडणुकीच्या दहा वर्षे आधीची. दोन सदस्यांनी सभागृहात कितीही आवाज उठवला, तरी खाण त्या सभागृहातून बंद होणार नव्हती. 2021 पासून सुरजागडचे उत्खनन जोरात सुरू झाले. 2022 मध्ये केंद्राचे वनसंवर्धन नियम बदलले आणि ग्रामसभेच्या संमतीचा प्रश्न केंद्राच्या मंजुरीनंतर राज्याच्या दारात ढकलला गेला. त्याच वर्षी जिल्हा परिषदेची मुदत संपून प्रशासक आले आणि प्रश्न विचारायचे सभागृहच राहिले नाही.

तरी सभागृह असेल तर करण्याजोगे पुष्कळ आहे. खाणीच्या रॉयल्टीबरोबर जिल्हा खनिज प्रतिष्ठानात पैसा जमा होतो. तो खाणबाधितांच्या पाण्यासाठी, आरोग्यासाठी, पर्यावरणासाठी आहे, आणि अनुसूचित क्षेत्रात तो खर्च करताना ग्रामसभेची मान्यता घ्यायची असते. वाहतुकीच्या रस्त्यावरची गावे बाधितांत धरली की नाहीत, पैसा कुठल्या गावाच्या नळावर गेला आणि कुठल्या इमारतीच्या रंगावर, हे विचारायला बहुमत लागत नाही. त्यासाठी कागद वाचणारा एक सदस्य पुरे. मात्र त्याच्या हातात ग्रामसभांचे ठराव हवेत. ठराव नसतील तर तो एकटा पडतो, आणि असतील तर अधिकाऱ्याला लेखी उत्तर द्यावे लागते.

म्हणून चामोर्शीकरांना एवढेच सांगेन. पेसा आपल्या गावाला लागू नसला, तरी वनहक्क कायदा लागू आहे. सामूहिक दाव्याची फाईल कुठे अडली आहे ते आधी शोधा. ट्रकांविषयीची तक्रार चहाच्या टपरीवर न ठेवता ग्रामसभेच्या ठरावात लिहा. आणि निवडणूक येईल तेव्हा उमेदवाराच्या पक्षाचा रंग पाहण्याआधी त्याला एक प्रश्न विचारा: आमच्या ग्रामसभेचा ठराव तुझ्या पक्षाच्या आदेशाविरुद्ध गेला, तर तू हात कोणाच्या बाजूने वर करशील?