पटावरच्या दाण्यांची संख्या

बुद्धिबळाच्या पटावरच्या दाण्यांची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं दुप्पट करत चौसष्टावं घर भरलं की एकूण दाणे होतात १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. आपल्या जुन्या मोजणीत सुमारे १८४ परार्ध. राजाचं कोठार पुरत नाही, आणि आपण आकडा केवढा मोठा म्हणून थक्क होतो. पण मोठेपणा हा संख्येचा अगदी सामान्य गुण आहे. एक मिळवला की तिच्याहून मोठी संख्या तयार. संख्येची ओळख पटवायची तर ती तिच्या अवयवांवरून पटवावी, असं माझं म्हणणं आहे.

त्यासाठी पट मधोमध दुमडू. पहिल्या बत्तीस घरांत ४,२९,४९,६७,२९५ दाणे आहेत. दुसऱ्या अर्ध्यातलं प्रत्येक घर पहिल्या अर्ध्यातल्या आपल्या जोडीदार घराच्या दोनाचा बत्तिसावा घात इतके पट आहे. म्हणजे सगळी रास ही पहिल्या अर्ध्याची ४,२९,४९,६७,२९७ पट झाली. उरलेला अर्धा असाच दुमडत गेलं की ६५५३७, २५७, १७, ५ आणि ३ हे अवयव एकेक करून बाहेर पडतात. हे पाचही मूळ आहेत. १७ बाजूंचा सुसम बहुभुज पट्टी-कंपासने काढता येतो, हे गाऊसने १७९६ मध्ये ओळखलं ते याच कुळातल्या संख्येमुळे. या पाचांचा गुणाकार म्हणजे नेमके पहिल्या अर्ध्या पटावरचे दाणे. आणि पट्टी-कंपासने काढता येणाऱ्या सुसम बहुभुजांच्या बाजूंची याहून मोठी विषम संख्या आजवर माहीत नाही. कोठाराच्या गोष्टीत याचा मागमूसही नसतो.

कोणी म्हणेल, ही संख्या खास घडणीची, म्हणून सहज उलगडली. घडणीचा फायदा झाला, हे खरंच. पण पहिल्याच घडीतून निघालेल्या ४,२९,४९,६७,२९७ ने फर्मासारख्या माणसाला चकवलं. या साच्याची प्रत्येक संख्या मूळ असावी, असं त्याला १६४० च्या सुमारास वाटत होतं. १७३२ मध्ये ऑयलरने तिचा ६४१ हा अवयव दाखवला. हा ६४१ जवळून पाहण्यासारखा आहे. तो ५ गुणिले १२८ अधिक १ आहे, आणि ६२५ अधिक १६ सुद्धा आहे. पहिल्या रूपावरून, ६४१ ने भागताना ५ गुणिले १२८ ची बाकी उणे १ येते. चौथा घात घेतला की ६२५ गुणिले दोनाचा अठ्ठाविसावा घात, याची बाकी १. दुसऱ्या रूपावरून ६२५ च्या जागी उणे १६ धरता येतो, आणि १६ म्हणजे दोनाचा चौथा घात. अठ्ठावीस आणि चार बत्तीस. म्हणून दोनाच्या बत्तिसाव्या घाताची बाकी उणे १. त्यात एक मिळवला की भाग निःशेष जातो.

संगणक हे अवयव क्षणात देतो, मग एवढी खटपट कशाला, हा आक्षेपही रास्त आहे. पण संगणक ६४१ हातात ठेवेल. तो तिथे का आहे, हे वरच्या चार ओळींतूनच कळतं. शिवाय त्याचा वेगही लवकरच अपुरा पडतो. पट १,७१७ कोटींहून अधिक घरांचा घेतला, तर पहिल्या घडीतून निघणारी संख्या सुमारे २५८ कोटी अंकी असते. ती मूळ की संयुक्त, हे अजून कोणालाही सांगता आलेलं नाही.