तिथींचा व्यापार

(मावळातील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हापासून वसंत ऋतू आणि व्याख्यान यांची जी गाठ आपल्याकडे पडली, ती लग्नसराईशी मात्र कधी नीट जुळली नाही. कारण ज्यांनी येऊन ऐकावे असे कितीतरी लोक या दिवसांत मंगल कार्यालयांत अडकलेले असतात, आणि ज्यांच्याविषयी मी आज बोलणार आहे ते छायाचित्रकार तर या क्षणी तळेगावापासून कामशेतापर्यंतच्या कुठल्या ना कुठल्या लॉनवर उभे असतील. त्यांच्या गैरहजेरीत त्यांच्या धंद्याची चर्चा करण्याचे धाडस मी एवढ्याच अधिकाराने करतो, की मावळातल्या लहान धंदेवाल्यांचे जमाखर्च तपासणे हा माझा उद्योग आहे, आणि कॅमेऱ्यातून काय दिसते हे मला ठाऊक नसले तरी कॅमेऱ्याच्या मालकाच्या वहीत काय दिसत नाही हे मला पुरते ठाऊक आहे.

चित्रांचा धंदा मावळाला नवा आहे असे मानण्याचे कारण नाही. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत शिळाछापखाना काढला आणि पुढे शतक संपता संपता तो आपल्या मळवलीस आणला. घरोघरच्या भिंतींवर गेलेल्या लक्ष्मी-सरस्वतींच्या असंख्य प्रती येथून आगगाडीत चढल्या. परंतु ज्याच्या कुंचल्याला हिंदुस्थानात तोड नव्हती त्या चित्रकाराला तो छापखाना पेलला नाही. कर्जाच्या भाराखाली विसाव्या शतकाच्या प्रारंभीच तो फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाच्या हवाली झाला, आणि चित्रकार म्हणून ज्याचे नाव कोणाच्या स्मरणात नाही अशा त्या माणसाने जाहिराती, लेबले, दिनदर्शिका, जे मिळेल ते छापून तो पुढे चालवला. त्याच छापखान्यात काही काळ काम करून धुंडिराज गोविंद फाळके यांनी १९०८ साली लोणावळ्यास स्वतःचा छापखाना थाटला. ‘राजा हरिश्चंद्र’ पुढे १९१३ सालचा. पण त्याच्याही कितीतरी आधी बडोद्यात फाळक्यांनी छायाचित्रणाचे दुकान घातले होते, आणि कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो या समजुतीपायी तेथे गिऱ्हाईक पाऊल टाकायला भीत असे. ती भीती गेली, हे बरेच झाले. आता अडचण उलट दिशेची आहे: कॅमेऱ्यापुढे एक जोडपे आणि कॅमेऱ्यामागे, प्रत्येकाच्या हातात मोबाइल धरून, सारे वऱ्हाड.

अशा काळात लग्नाची छायाचित्रे काढून संसार चालवावा कसा, हा प्रश्न मला जे तरुण विचारतात, त्यांचा समज असा दिसतो की हा स्पर्धेचा प्रश्न आहे आणि स्पर्धा ही एकतर अधिक चांगल्या चित्राने किंवा अधिक स्वस्त दराने जिंकायची असते. माझे मत निराळे आहे. चित्र चांगले असलेच पाहिजे, जसे वाण्याचे तांदूळ बिनकिडीचे असलेच पाहिजेत. पण हा व्यापार मुळात चित्रांचा नाहीच, तो तिथींचा आहे, आणि तिथी किती निघणार हे छायाचित्रकार ठरवत नाही, पंचांग ठरवते.

सोलापूरच्या दाते पंचांगातले विवाहमुहूर्तांचे पान उघडून पाहावे. आषाढी एकादशीपासून चातुर्मास. तुळशीचे लग्न लागेपर्यंत माणसांची लग्ने थांबलेली. पौष पुष्कळांना वर्ज्य. गुरू किंवा शुक्र अस्तंगत झाला की आणखी आठवडेच्या आठवडे गेले. यंदा तर शके १९४८ मध्ये ज्येष्ठ अधिक आला आहे, म्हणजे १७ मे ते १५ जून हा एरवी ऐन भराचा काळ कोरडा जायचा. गौण काळातले मुहूर्त काढून देणारे गुरुजी आहेत, आणि लोणावळ्याच्या रिसॉर्टांत लग्न करणारी मुंबईची गुजराती-मारवाडी-पंजाबी कुटुंबे आपापली पंचांगे घेऊन येतात, हे खरे. तरी आपल्या गावच्या छायाचित्रकाराचे मुख्य गिऱ्हाईक मावळचा शेतकरी, तळेगावच्या औद्योगिक वसाहतीतला नोकरदार आणि देहूरोड-चिंचवडकडे सरकलेला त्यांचाच भाऊबंद हे आहेत, आणि ही मंडळी मुहूर्ताच्या बाहेर सहसा जात नाहीत.

आता याचा परिणाम काय होतो तो पाहा. एकाच गोरज मुहूर्तावर वडगावात तीन, कामशेतात दोन, पवन मावळात चार लग्ने लागतात. आणि कितीही कीर्तिमान छायाचित्रकार झाला तरी तो एका वेळी एकाच अंतरपाटापाशी उभा राहू शकतो. किराण्याचा मोठा व्यापारी शेजारच्या चार दुकानांना गिळू शकेल, कारण त्याचा माल गोदामात थांबतो. वैशाखातली एक संध्याकाळ गोदामात ठेवता येत नाही. म्हणून या धंद्यातला प्रतिस्पर्धी हा वस्तुतः प्रतिस्पर्धी नसून, आपली तारीख भरली असता आलेले यजमान ज्याच्याकडे विश्वासाने पाठवावे असा माणूस आहे. मी ज्यांच्या वह्या पाहतो त्यांत दीर्घकाळ टिकलेले जेवढे आहेत, त्या सर्वांचा हा शिरस्ता आहे: तारीख मोकळी नसेल तर ‘जमत नाही’ म्हणून फोन ठेवायचा नाही, दोन नावे सुचवायची, आणि सुचवलेला माणूस आपली तारीख मोकळी असेल त्या दिवशी आपल्याला दुसरा कॅमेरा धरायला बोलावतो. उलट जे ‘बघू, जमवू’ म्हणून दोन्ही लग्ने पदरात घेतात आणि एकीकडे कालपर्यंत लाइट धरणारा पोऱ्या पाठवतात, त्यांच्या वह्या चौथ्या-पाचव्या वर्षी माझ्याकडे येईनाशा होतात.

दराची गोष्ट यातूनच निघते. आकडे मी समजुतीपुरते घेतो. ज्याने त्याने आपले घालून पाहावेत. दोन कॅमेरे, भिंगे, दिवे आणि संगणक मिळून आठ लाखांचे सामान आहे आणि ते पाच वर्षे चालते असे धरले, तर घसारा वर्षाला १ लाख ६० हजार. वर्षात ४० तारखा मिळाल्या तर प्रत्येक तारखेच्या माथी ४ हजार. ज्या दिवशी लग्न, तो एक दिवस. पुढे निवड, रंगसंगती आणि अल्बमची मांडणी यांत चार दिवस. स्वतःची मजुरी रोज १,५०० धरली तर साडेसात हजार. दुसऱ्या छायाचित्रकाराचे ४ हजार, अल्बमची छपाई ८ हजार, गाडीभाडे दीड हजार, दुकानभाडे-वीज-विम्याचा वाटा ३ हजार. बेरीज २८ हजार होते, आणि यात नफ्याचा एक पैसाही आलेला नाही. असे असता तेच काम २० हजारांत करून देणारा कोणी भेटला, तर तो जादूगार नव्हे. त्याने घसारा आणि स्वतःची मजुरी या दोन रकमा लिहिलेल्याच नसतात. कॅमेऱ्याचे शटर एका सीझनमध्ये किती झिजले हे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून हाती आलेली सगळी रक्कम त्याला प्राप्ती वाटते. आणि पाचव्या वर्षी नवा कॅमेरा घेण्यासाठी तो कर्जाच्या दारात उभा राहतो. अशा माणसाशी दरात झुंजू नये. त्याला थोडा वेळ द्यावा.

ज्यांचा धंदा वाढेल त्यांनी आणखी एक आकडा ध्यानात ठेवावा. सेवेच्या व्यवसायात वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली की वस्तू व सेवा कराची नोंदणी अनिवार्य होते आणि छायाचित्रणावर १८ टक्के कर लागतो. मर्यादेच्या अलीकडे आहोत तोवरच दरपत्रकात ‘कर वेगळा’ हे शब्द घालून ठेवलेले बरे.

अंतरपाटाचा उल्लेख आला म्हणून तो क्षण जरा जवळून पाहू. वधू आणि वर समोरासमोर, मध्ये पाट धरलेला. मामा मुलीच्या पाठीशी. मंगलाष्टकांत आत्याबाईंनी रचलेली सात कडवी झाल्यावर आठवे चालू, बँडवाला काठी उगारून तयार. शेवटचे ‘सावधान’ उच्चारले जाते, पाट उत्तरेकडे ओढला जातो, आणि ती दोघे एकमेकांकडे पाहतात तो निमिष आणि पाचशे माणसांच्या अक्षता हवेत असतात तो निमिष, हे दोन्ही एकच असतात. याच निमिषी वराचा मावसभाऊ मोबाइल उंचावून मध्ये शिरतो. जाणता छायाचित्रकार त्याच्यावर ओरडत नाही. त्याने सकाळीच, हळदीच्या वेळी, त्या मावसभावाला हेरून ‘दादा, तुम्ही या बाजूने घ्या, तुमचाच फोटो भारी येईल’ म्हणून जागा नेमून दिलेली असते. या कौशल्याचा वर्ग कुठे भरत नाही, आणि पुढच्या वर्षीचे काम पुष्कळदा याच मावसभावाच्या लग्नाचे येते.

तो निमिष टिपला, तरी तो अजून यजमानांचा झालेला नाही. तो एका नखाएवढ्या कार्डावर आहे. म्हणून एकाच वेळी दोन कार्डांवर नोंद करणारा कॅमेरा, घरी पोचताच दोन हार्ड डिस्कांवर प्रती, आणि त्यांतली एक वेगळ्या घरात, हा नियम मी शेतकऱ्याच्या बियाण्याइतका पवित्र मानतो. रिळाच्या काळी ३६ चित्रांची निगेटिव्ह पाकिटात राहत असे आणि वीस वर्षांनी कोणी मागितली तर ट्रंकेतून निघत असे. आज हजारो चित्रे निघतात आणि ती किती वर्षे सांभाळणार, याविषयी करारनाम्यात एक ओळही नसते. ती असावी. मुदत लिहावी आणि मुदतीनंतर सांभाळण्याचे शुल्कही लिहावे.

करारनाम्याचा विषय निघाला आहे तर स्वामित्वहक्काची वहिवाटही सांगून टाकतो, कारण तीबद्दल दोन्ही पक्षांचे घोर अज्ञान असते. १९५७ च्या कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे, कोणी मोबदला देऊन आपल्या सांगण्यावरून छायाचित्र काढवून घेतले, तर उलट करार नसल्यास त्याचा पहिला स्वामी पैसे देणारा असतो, काढणारा नव्हे. तेव्हा नवरीचे चित्र आपल्या जाहिरातीत झळकवायचे असेल तर तशी मुभा लिहून घ्यावी लागते. याबाबतीत आपल्या कार्ल्याच्या लेण्यातला एक सुतार सुदैवी म्हणायचा: चैत्याच्या दर्शनी भिंतीवर जी दंपतीशिल्पे आहेत, ज्यांच्या अलंकारांपुढे आजच्या प्री-वेडिंगचे कपडे फिके पडावेत, त्यांचे कारागीर अनाम राहिले, पण द्वारकाम करणाऱ्या धेनुकाकटच्या सामीने, वेणुवासाच्या मुलाने, आपले नाव तेथेच ब्राह्मी लिपीत कोरून घेतले. जाता जाता सांगतो, कार्ले आणि भाजे ही लेणी पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत, आणि लोहगड जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला आहे; तेथे तिवई लावून व्यावसायिक चित्रण करण्यास आधी परवानगी लागते. नौदलाच्या आयएनएस शिवाजीच्या परिसरात ड्रोन उडवण्यापूर्वी सरकारी नकाशा पाहावा, हे वेगळे सांगणे नलगे. पावसाळ्यात धबधब्यांवर जिल्हाधिकाऱ्यांची बंदी असताना जोडप्याला निसरड्या खडकावर उभे करणे तर अक्षम्य आहे. कुंडमळ्याचा पूल १५ जून २०२५ रोजी कोसळला ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे.

इसाराचा प्रश्न करोनाच्या २०२० आणि २०२१ या दोन सालांनी ऐरणीवर आणला. एप्रिल २०२१ मध्ये २५ माणसे आणि दोन तास एवढ्यावर लग्ने आली, कित्येक पुढे ढकलली गेली, कित्येक घराच्या ओट्यावर उरकली. आणि आगाऊ दिलेल्या रकमेचे काय, यावरून जन्मभराच्या ओळखी तुटल्या. करार कायद्याचे ५६ वे कलम, पार पाडणे अशक्य झालेला करार रद्दबातल ठरतो, एवढे सांगते. तारीख नुसती बदलली तर काय, हे ज्याचे त्याने आधीच कागदावर ठरवायचे असते. ज्यांनी ‘एकदा तारीख बदलण्यास आकार नाही, नवी तारीख मोकळी असल्यास’ असे लिहिले होते, त्यांच्याकडे वितुष्ट आले नाही.

कोरड्या महिन्यांचे काय करायचे हे मी थोडक्यातच सांगतो. चाकण-तळेगावच्या कारखान्यांना यंत्रांची आणि मालाची चित्रे बारमाही लागतात, चिक्कीवाल्यांना नवी खोकी सजवायची असतात, बारसी चातुर्मासात थांबत नाहीत. श्लायखरने लेबले छापली, यात त्याला कमीपणा वाटला नसावा.

शेवटी या सभेत बसलेल्या यजमानांकडे वळतो, कारण अल्बम वर्ष वर्ष मिळत नाही ही त्यांची कैफियत आणि उरलेली रक्कम वर्ष वर्ष मिळत नाही ही छायाचित्रकारांची कैफियत, या दोन्ही मी एकाच वहीच्या समोरासमोरच्या पानांवर वाचल्या आहेत. यजमान म्हणतात, अल्बम दाखवा मग पैसे. तो म्हणतो, पैसे द्या मग छपाई. आणि मधल्या काळात त्या घरी बारसेही होऊन जाते. रकमेचे तीन हप्ते करावेत: तारीख धरताना, हळदीच्या सकाळी, आणि अल्बमचा कच्चा खर्डा मंजूर करताना, छपाई त्या तिसऱ्या हप्त्यातून व्हावी. यंदाचा अधिक मास खर्डे मंजूर करण्यासाठी अगदी मोकळा आहे, आणि ज्यांच्या घरी मार्गशीर्षातले लग्न अजून अल्बमाविना पडून असेल त्यांनी १७ मे नंतर फोन लावावा. त्या दिवसांत तो नक्की उचलला जाईल.