तळ्यापलीकडचा किल्ला, भिंतीमागची गल्ली



आमच्या लग्नाला तीस वर्षं झाली तेव्हा मुलीने बजावलं, "आई, या वेळी तुम्ही दोघंच जायचं. आम्ही कोणी येणार नाही." मुलगी अटलांटाला असते. तिथून फ्लोरिडातलं ओरलँडो विमानाने दीड तासावर. थीम पार्क म्हणजे लहान मुलांची हौस, अशी माझी पक्की समजूत होती. ती तिथे पहिल्याच दिवशी गळून पडली.

ओरलँडोत अशी दोन संस्थानं आहेत, एकमेकांपासून मोटारीने वीस-पंचवीस मिनिटांवर. एक वॉल्ट डिस्ने वर्ल्ड, दुसरं युनिव्हर्सल. दोन्हीकडे अनेक पार्क, स्वतःची हॉटेलं, स्वतःच्या बस आणि बोटी. परत आल्यापासून ओळखीपाळखीचे विचारतात, दोन्हींपैकी सरस कोणतं? त्याचं उत्तर द्यायला बसले की मी आधी जमिनीची गोष्ट सांगते. या दोघांमधला फरक राइडमध्ये शोधून सापडत नाही, तो सातबाऱ्यात आहे.

वॉल्ट डिस्नेंनी १९५५ साली कॅलिफोर्नियात, अनाहाइमला, डिस्नेलँड उघडलं. जागा जेमतेम दीडशे-पावणेदोनशे एकर. बघता बघता कुंपणाला लागून मोटेल, खानावळी आणि झगमगत्या पाट्या उभ्या राहिल्या. आत कष्टाने रचलेली परीकथा आणि फाटकाबाहेर पाऊल टाकलं की बाजार. डिस्नेंना हे फार लागलं. म्हणून दुसऱ्या खेपेला त्यांनी फ्लोरिडात निरनिराळ्या नावांच्या कंपन्या काढून गुपचूप जमीन घ्यायला सुरुवात केली. दलदल, झुडपं, गुरांची कुरणं. भाव एकरी सरासरी दोनशे डॉलरच्या आतबाहेर. खरेदीदार कोण हे गावात कोणाला ठाऊक नव्हतं. ऑक्टोबर १९६५ मध्ये 'ओरलँडो सेंटिनेल'च्या वार्ताहर एमिली बाव्हार यांनी डिस्नेंना समोरासमोर विचारलं. त्यांनी नाही म्हटलं, पण नाही म्हणताना फ्लोरिडाच्या हवेची आणि पर्यटकांची इतकी बारीक माहिती दिली की बाईंना जे समजायचं ते समजलं.

तोवर सुमारे २७,००० एकर जमीन हातात आली होती. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतची जुनी मुंबई या जागेत मावेल आणि वर जागा उरेल. डिस्नेंना मात्र हे उभं राहिलेलं पाहायला मिळालं नाही. डिसेंबर १९६६ मध्ये ते गेले. थोरले भाऊ रॉय यांनी निवृत्ती लांबवून काम तडीस नेलं, १ ऑक्टोबर १९७१ला दरवाजे उघडले आणि नावात 'वॉल्ट' हा शब्द आग्रहाने घातला. त्याच डिसेंबरमध्ये रॉयही गेले. ज्या कंपन्यांच्या नावाने जमीन घेतली त्यांतली काही नावं आजही डिस्ने वर्ल्डमधल्या मॅजिक किंगडम या पार्कच्या मेन स्ट्रीटवर एका दुकानाच्या खिडकीवर रंगवलेली आहेत. लोक खाली फोटो काढत असतात, वर कोणी बघत नाही. मी ती खिडकी शोधून काढली आणि बराच वेळ तिच्याखाली उभी राहिले.

एवढ्या जमिनीचं डिस्नेने काय केलं, तर अंतर निर्माण केलं. मॅजिक किंगडमच्या दारात गाडी लावता येत नाही. गाडी लावायची तळ्याच्या अलीकडे, मग फेरीबोटीने किंवा मोनोरेलने पलीकडे जायचं. आम्ही बोटीने गेलो. सकाळची वेळ, पाण्यावर हलकं धुकं, आणि समोर सिंड्रेलाचा किल्ला बोटभर दिसतोय. वारीतल्या माणसाला लांबून कळस दिसल्यावर काय होत असेल, याची थोडी कल्पना मला त्या कठड्याशी आली. जवळ जाईपर्यंत मन तयार होतं. तो किल्ला आहे अवघा १८९ फूट, पण वर वर जाताना खिडक्या आणि दगड लहान लहान करत नेले आहेत, त्यामुळे डोळा फसतो आणि उंची कितीतरी जास्त भासते. दगड तरी कसले, आत पोलाद आणि वर फायबरग्लास. आणखी एक गंमत. तिथली जमीन दलदलीची, खणलं की पाणी. म्हणून कामगारांच्या येण्याजाण्याचे बोगदे त्यांनी जमिनीच्या पातळीवरच बांधले आणि तळं खणून निघालेली माती भोवती-वर टाकली. आपण रस्ता समजून चालतो तो खरं तर पहिला मजला आहे.

आता युनिव्हर्सल. त्यांच्याकडे जागा काही शे एकर, तीही हमरस्त्याला चिकटून. ७ जून १९९०ला पहिलं पार्क उघडलं, तेव्हा गाजावाजा झालेल्या मोठ्या राइड धड चालेनात. 'जॉज' सिनेमातल्या शार्कची राइड तर बंद ठेवून नव्याने बांधावी लागली. पण अडचणीतून माणूस शिकतो. अंतर देता येत नसेल तर आडोसा द्यावा, ही युक्ती त्यांना साधली. 'जॉज' २०१२च्या जानेवारीत कायमची बंद झाली, आणि २०१४ साली त्याच जागी डायॅगॉन अ‍ॅली उघडली, हॅरी पॉटरच्या जगातली जादूगारांची पेठ.

तिथला प्रवेश मी कधी विसरणार नाही. समोर लंडनमधल्या घरांची रांग, लाल टेलिफोनची खोकी. पेठेकडे जाण्याची पाटी कुठेही नाही. माणसं एका भिंतीआड जातात आणि दिसेनाशी होतात. आम्हीही गेलो. फुटक्या विटांचं एक वळण घेतलं आणि अख्खी गल्ली अंगावर आली. वाकडीतिकडी दुकानं, टोकाला ग्रिंगॉट्स बँक आणि तिच्या घुमटावर बसलेला पांढरट ड्रॅगन. थोड्या थोड्या वेळाने तो घसा खरखरवतो आणि ज्वाळा सोडतो. ती धग खाली उभ्या माणसाच्या गालाला लागते. मागचं शहर, हमरस्ता, वाहनतळ, काही म्हणजे काही दिसत नाही. पुण्याच्या एखाद्या बोळातून वाड्याच्या चौकात शिरावं तसं झालं. नवऱ्याने माझा हात घट्ट धरला, गर्दीत हरवू नये म्हणून. बऱ्याच वर्षांनी धरला.

तिथून हॉग्वर्ट्स एक्स्प्रेस सुटते, पावणेदहा नंबरच्या प्लॅटफॉर्मवरून. ही गाडी दोन पार्कांना जोडते, म्हणून दोन्ही पार्कांचं तिकीट नसेल तर चढता येत नाही. हे आधी ठाऊक असलेलं बरं. डब्याच्या खिडकीत पडद्यावर देखावा सरकतो, आणि बोळाकडच्या काचेवर हॅरी आणि त्याच्या मित्रांच्या सावल्या कुजबुजत जातात. जाताना एक गोष्ट घडते, येताना वेगळीच. म्हणून दोन्ही बाजूंनी प्रवास करावा.

रांगांबद्दल सांगितलंच पाहिजे, कारण सहलीतला मोठा वेळ तिथेच जातो. डिस्नेत 'लाइटनिंग लेन' नावाची सोय आहे. पैसे भरून एकेका राइडची वेळ आधी राखायची. त्यांच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना सात दिवस आधी राखता येते, इतरांना तीन दिवस. म्हणजे सुट्टी सुरू होण्याआधीच फोन हातात घेऊन बसणं आलं. युनिव्हर्सलच्या तीन महागड्या हॉटेलांत राहिलं तर जुन्या दोन पार्कांत झटपट रांगेचा पास खोलीच्या भाड्यातच मिळतो, वेळ राखायची गरज नाही. दोघंच असलेल्या जोडप्याने भाड्याचा आणि पासचा हिशेब एकत्र मांडून पाहावा. पुष्कळदा महाग खोली स्वस्त पडते. एकट्याने बसायला तयार असणाऱ्यांसाठी दोन्हीकडे काही राइडना वेगळी रांग असते. ती भराभर सरकते. ग्रिंगॉट्समधल्या राइडला आम्ही त्या रांगेत उभे राहिलो, वेळ वाचला, पण अंधारात घाबरून शेजारी पाहिलं तर अनोळखी माणूस. नंतर आम्ही वाटेल तेवढा वेळ उभे राहिलो, पण एकत्र.

डिस्नेच्या अ‍ॅनिमल किंगडममध्ये आनंदपूर नावाचं काल्पनिक गाव आहे. तिथली एव्हरेस्टची राइड १९९.५ फूट उंच ठेवली आहे, कारण २०० फूट गाठले की विमानांसाठी वर लाल दिवा लावावा लागतो आणि हिमशिखरावर लाल दिवा शोभणार कसा? गाडी शिखराशी येते, पुढचे रूळ उखडलेले दिसतात, आणि क्षणात ती काळोखात उलटी धावू लागते. याच पार्कजवळच्या हॉटेलात 'सना' नावाचं उपाहारगृह आहे. नान, कुलचे, पराठे आणि सोबत नऊ वाट्या चटण्या-लोणची-रायती. खिडकीबाहेर जिराफ चरत असतात. पाच दिवस बर्गर-पिझ्झा खाल्लेल्या मराठी जिभेला ते ताट म्हणजे माहेर.

मग सरस कोणतं? दोघांनाच जायचं असेल आणि हातात तीनच दिवस असतील, तर मी युनिव्हर्सल सांगेन. तिथली जुनी दोन पार्कं जवळजवळ आहेत, खोलीवर येऊन दुपारची झोप काढता येते. उन्हाळ्यात दुपारी तिथे विजांसह पाऊस कोसळतो, उघड्यावरच्या राइड थांबतात, तेव्हा ही जवळीक फार उपयोगी पडते. आठवडा असेल तर डिस्नेला जास्त दिवस द्या. तिथे चालावं लागतं, बसची वाट पाहावी लागते, पण तो मोकळेपणा दुसरीकडे नाही.

आणि आता दोघं एकमेकांचे गुण घेऊ लागले आहेत. २०१०मध्ये युनिव्हर्सलने पॉटरचं पहिलं गाव उघडलं आणि सबंध एकाच गोष्टीत माणसाला बुडवण्याची किमया लोकांनी पाहिली. पुढे डिस्नेनेही २०१७मध्ये पँडोरा आणि २०१९मध्ये स्टार वॉर्सचं गाव त्याच रीतीने वसवलं. युनिव्हर्सलने दुसरीकडे मोठी जमीन घेऊन २२ मे २०२५ला एपिक युनिव्हर्स हे पार्क उघडलं, आणि जमीन मिळताच मधोमध काय केलं, तर झाडं, कारंजी आणि चालायला मोकळी जागा.

शेवटची संध्याकाळ आम्ही डिस्नेच्या एपकॉटमध्ये काढली. तळ्याभोवती अकरा देशांची दालनं आहेत, पूर्ण फेरी दोन किलोमीटरच्या आसपास. त्यात भारत नाही, याची मला खंत वाटली आणि अजून वाटते. मोरोक्कोच्या दालनातल्या फरश्यांचं नक्षीकाम करायला तिथल्या राजाने आपले कारागीर पाठवले होते. त्या निळ्या-हिरव्या तुकड्यांवरून मी हात फिरवत होते, तेवढ्यात दिवे लागले. नवरा जपानच्या दालनाशी पोहोचला होता. त्याने लांबून हात हलवला, मी हलवला. मग तो उलटा चालत माझ्याकडे आला आणि आम्ही ती फेरी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.