पोराच्या पोटाचा सीटी काढायचा तर

मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत बचतीचा हिशोब राहिला बाजूला आणि बोलणं भलतीकडेच गेलं. एका आजीने विचारलं, "त्या मशीनीत पोराक घातल्यार कॅन्सर होता म्हणतत, ता खरा काय?" आज त्यावरच बोलू. आम्ही काही डॉक्टर नव्हे, पण वाचून-विचारून जे समजलं ते सांगतो.

लहान मुलांच्या पोटात ज्या गाठी होतात, त्यांत मूत्रपिंडाची विल्म्स नावाची गाठ आणि न्यूरोब्लास्टोमा या मुख्य. मूल बहुधा पाच वर्षांच्या आतलं. विल्म्सची गाठ बऱ्याचदा दुखत नाही, मूल खेळत असतं, आणि अंघोळ घालताना आईच्याच हाताला पोटात एका बाजूला टणक लागतं. आपल्याकडे लगेच "जंत झाले" म्हणतात नि तेल लावून पोट चोळायला बसतात. ते मात्र करू नका. ही गाठ दाबाने आत फुटू शकते, मग उपचार वाढतात. वेळेवर उपचार मिळाले तर पुढारलेल्या देशांत विल्म्सची दहातली नऊ मुलं बरी होतात.

पहिली तपासणी सोनोग्राफीची. तिच्यात आवाजाच्या लहरी असतात, किरण नसतात. एमआरआयमध्येही नसतात, पण त्याला वेळ लागतो, मुलाला झोपवावं लागतं आणि तो सगळीकडे मिळत नाही. गाठ कुठवर पसरली, रक्तवाहिनीत शिरली का, हे ऑपरेशनआधी बघायला बहुतेक वेळा सीटी लागतोच. तेव्हा भीतीने तारीख चुकवणं म्हणजे गाठीला वाढायला वेळ देणं.

आता आजीचा प्रश्न. पोटाच्या एका सीटीत मुलाला साधारण दोनेक वर्षांत माती, दगड, आभाळातून मिळतात तितके किरण मिळतात, यंत्राप्रमाणे कमीजास्त. मुलांच्या पेशी भराभर वाढत असतात आणि पुढचं आयुष्य लांब असतं, म्हणून त्यांना जपायचं. ब्रिटनमध्ये 2012 साली मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. डोक्याचे सीटी काढलेल्या दहा वर्षांखालच्या दहा हजार मुलांमागे, पुढच्या दहा वर्षांत रक्ताचा कॅन्सर एकाला आणि मेंदूची गाठ एकाला जास्त, असा त्यांचा अंदाज. म्हणजे धोका आहे, पण पोटात वाढणाऱ्या गाठीपुढे तो फार लहान.

तोही कमी करता येतो. मोठ्या माणसाची सेटिंग मुलाला लावायची नसते. वजन बघून किरण कमी करतात. अमेरिकेत 2008 पासून याचीच मोहीम चालली आहे. दुसरं, मोठ्यांना कधी औषध सोडण्याआधी, सोडल्यावर, मग उशिराने असे तीन-तीन फेरे घेतात. मुलाच्या गाठीला बहुतेक वेळा औषध सोडल्यावरचा एकच फेरा पुरतो. दोन फेरे म्हणजे किरण जवळजवळ दुप्पट. म्हणून टेक्निशियनला सरळ विचारा: "भाऊ, सेटिंग मुलाची आहे ना? फेरे किती?" विचारलं म्हणून कोणी रागावलं तर रागावू दे. मूल हललं तर फोटो पुन्हा काढावा लागतो, म्हणून आदल्या दिवशीच त्याला खेळ करून गप्प पडायला शिकवा. आईला आत थांबावं लागलं तर शिशाचा एप्रन मागून घ्या, आणि दिवस गेले असतील तर दुसऱ्या कोणाला थांबवा.

किरण फुकट जातात ते कागद हरवल्यामुळेही. इथे सीटी काढला, बांबोळीला गेलो, सीडी घरी राहिली, की पुन्हा सीटी. तिथून परळच्या टाटा हॉस्पिटलला पाठवलं की तोच घोळ. नुसता रिपोर्ट पुरत नाही, सीडी मागून घ्या. उपचार संपल्यावरही काही वर्षं तपासण्या चालतात. विल्म्सच्या बऱ्याच मुलांना तेव्हा सोनोग्राफी आणि छातीचा एक्स-रे चालतो. दर वेळी सीटी लिहिला तर "सोनोग्राफीने भागेल का?" हे डॉक्टरांना जरूर विचारा.

गटाच्या पासबुकासारखीच एक वही त्या मुलाच्या नावाने करा. कुठल्या तारखेला, कुठे, कसला फोटो काढला ते लिहा, आणि सीडी प्लास्टिकच्या पिशवीत घालून वहीसोबत ठेवा. पावसाळ्यात आपल्या घरांतली ओल तुम्हाला ठाऊकच आहे.